पगार पक्का, जागा नाही : मोठ्या दुखापतीनंतर फुटबॉलपटूचं क्लबमध्ये काय होतं?

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. मँचेस्टरमध्ये आर्सेनलविरुद्ध एका कॉर्नरच्या वेळी मँचेस्टर सिटीचा मिडफिल्डर रॉद्री हा आर्सेनलच्या थॉमस पार्टेशी झटापटीत पडला आणि उजवा गुडघा धरून मैदानाबाहेर गेला. त्याच संध्याकाळी स्पेनमध्ये व्हियारेआलच्या मैदानावर बार्सिलोनाचा कर्णधार आणि गोलरक्षक मार्क-आंद्रे टेर स्टेगन उंच चेंडू घेऊन जमिनीवर उतरताना कोसळला. त्यालाही उजव्याच गुडघ्याची दुखापत. रॉद्रीचा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट, तुटला होता आणि मेनिस्कसलाही (हाडांमधल्या मऊ गादीलाही) इजा झाली होती. टेर स्टेगनच्या गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन पूर्ण फाटला होता.

दोघेही २०२५ च्या मे महिन्यातच मैदानावर परतले, टेर स्टेगन ३ तारखेला आणि रॉद्री २० तारखेला. दोघांचेही करार शाबूत होते, दोघांनाही पगार मिळत होता. पण रॉद्री परतला तेव्हा मँचेस्टर सिटीला तो हवाच होता. टेर स्टेगन परतला आणि महिना-दीड महिन्यात बार्सिलोनाने जोआन गार्सिया हा नवा गोलरक्षक विकत घेतला. ज्याचा करार २०२८ पर्यंत होता, तो कर्णधार २०२६ च्या जानेवारीत उरलेल्या हंगामापुरता जिरोनाला खेळायला गेला.

बरं व्हायला लागलेला वेळ जवळपास सारखाच असताना असं का झालं? मोठी दुखापत झाली की चाहते एकच विचारतात, ‘किती महिने बाहेर?’ पण खेळाडूचं क्लबमधलं भवितव्य त्या उत्तरावर ठरत नाही. ते ठरतं करार कधी संपतो, नोंदणीचे नियम काय सांगतात आणि तो नसताना संघाचं काय झालं यांवर. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने मोठ्या क्लबांमधल्या एसीएलच्या दुखापतींचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९० टक्क्यांहून अधिक खेळाडू वर्षभरात परतले, पण तीन वर्षांनी त्याच सर्वोच्च पातळीवर खेळणारे ६५ टक्केच होते. परतणं आणि टिकणं यांच्यातली ही तफावत कशी तयार होते, ते समजून घ्यायचं तर आधी गुडघ्याकडे आणि मग कागदपत्रांकडे बघावं लागतं.

गुडघ्यात नेमकं काय तुटतं

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधणारं लिगामेंट. नडगी पुढे सरकू नये आणि पाय रोवलेला असताना गुडघा आतल्या अंगाने पिळवटू नये, हे त्याचं काम. फुटबॉलमध्ये ते बहुतेक वेळा धडकेने तुटत नाही. खेळाडू वेगात असताना थांबतो, दिशा बदलतो किंवा एका पायावर उतरतो, गुडघा आत झुकतो आणि क्षणात सगळं संपतं. पूर्ण तुटलेला एसीएल सहसा आपला आपण धड जुळून येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेत त्याच्या जागी खेळाडूच्याच शरीरातला दुसरा टेंडन बसवतात. तो मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा, वाटीखालच्या टेंडनचा मधला पट्टा किंवा वाटीवरच्या क्वाड्रिसेप्स (मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या) टेंडनचा असतो. यातला कुठलाही पर्याय फुकट पडत नाही. हॅमस्ट्रिंगचा तुकडा घेतला तर मांडीमागची ताकद कमी होते आणि वेगाने धावणाऱ्या विंगरला ते महागात पडू शकतं. वाटीखालचा पट्टा घेतला तर गुडघा टेकताना किंवा उडी मारताना पुढच्या बाजूला दुखणं बरेच महिने राहू शकतं.

बसवलेला टेंडन, म्हणजे ग्राफ्ट, लगेच लिगामेंट होत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत तर तो उलट कमजोर होतो, कारण आतला जुना पेशीभाग मरतो आणि नवा रक्तपुरवठा तयार व्हायचा असतो. साधारण दीड ते तीन महिन्यांचा हा टप्पा सगळ्यात फसवा. सूज उतरलेली असते, चालणं सरळ झालेलं असतं, खेळाडूला वाटतं आता जमतंय. नेमक्या त्याच काळात आतला ग्राफ्ट सगळ्यात नाजूक असतो.

टेर स्टेगनची दुखापत वेगळी. मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीला ओढतो आणि वाटी खालच्या टेंडनने नडगीला बांधलेली असते. हा टेंडन तुटला की वाटी वर सरकते आणि पाय सरळच करता येत नाही. शस्त्रक्रियेत तो टाके आणि हाडातल्या बारीक भोकांच्या किंवा खिळ्यांच्या आधाराने पुन्हा हाडाला बांधतात. सुरुवातीचे आठवडे गुडघा ब्रेसमध्ये सरळ ठेवायचा आणि मग वाकवण्याचा कोन थोडा थोडा वाढवायचा. घाई झाली तर टाके सैल होऊन टेंडन लांबतो आणि वाटी कायमची वर राहते, मग पाय शेवटच्या काही अंशांत सरळच होत नाही. फार जपलं तर गुडघा आखडतो. गोलरक्षकाला तर रोज एका पायावर उडी मारून त्याच पायावर उतरायचं असतं. रोनाल्डो नाझारियोचं उदाहरण या दुखापतीबाबत आजही आठवतं. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये इंटर मिलानकडून खेळताना त्याचा हाच टेंडन दुखावला. एप्रिल २००० मध्ये लाझिओविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि काही मिनिटांतच टेंडन पूर्ण फाटला.

‘बरा झाला’ हे कोण आणि कसं ठरवतं

एसीएलनंतरची वाट साधारण अशी असते. पहिल्या दोन आठवड्यांत एकच हट्ट, गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. वाकवणं मागाहून मिळवता येतं, पण सरळपणा सुरुवातीला हातचा गेला तर सांध्यात पुढच्या बाजूला व्रणाची गाठ तयार होऊ शकते आणि ती काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते. मेनिस्कस शिवलेला असेल तर पहिले चार ते सहा आठवडे वजन घेऊन गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नाही. पुढे स्थिर सायकल, पाण्यातले व्यायाम, मग वजनं. धावणं साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतं, तेही तारीख आली म्हणून नव्हे, दुखऱ्या पायाच्या क्वाड्रिसेप्सची ताकद चांगल्या पायाच्या ७० टक्क्यांच्या आसपास आली आणि धावल्यावर सूज आली नाही तरच.

हा क्वाड्रिसेप्स फार चिवट शत्रू असतो. गुडघ्यात पाणी साचलं की मज्जासंस्था हा स्नायू आपोआप आखडता घेते. खेळाडूने कितीही जोर लावला तरी तो पूर्ण आकुंचन पावत नाही. त्यामुळे काही आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते, आणि ती ताकद परत यायला कित्येक महिने लागतात.

शेवटच्या चाचण्यांचं दृश्य बाहेरच्या माणसाला साधं वाटेल. खेळाडूला एका खुर्चीत पट्ट्यांनी घट्ट बांधतात, नडगी यंत्राच्या दांड्याला अडकवतात आणि पाय पूर्ण जोर लावून सरळ करायला सांगतात. यंत्र दोन्ही पायांची ताकद वेगवेगळी मोजतं. मग जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवरून एका पायावर लांब उडी, त्याच पायावर सलग तीन उड्या, आडव्या-तिरक्या उड्या. दुखऱ्या पायाचा आकडा चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के आला पाहिजे, हा रूढ निकष.

या निकषात दोन सापळे आहेत आणि चांगले फिजिओ ते ओळखून असतात. पहिला सापळा असा की सात-आठ महिन्यांत ‘चांगला’ पायही खेळाविना कमजोर झालेला असतो. दोन कमजोर पायांची तुलना केली तर ९० टक्के सहज निघतात. म्हणून तुलना दुखापतीआधीच्या आकड्यांशी हवी, आणि ज्या क्लबकडे ते आकडे जपून ठेवलेले असतात त्यांचा निर्णय जास्त भरवशाचा असतो. दुसरा सापळा लांब उडीचा. खेळाडू घोटा आणि कंबर वापरून पूर्ण लांबी काढतो, पण गुडघ्यावर भार घेतच नाही. पट्टीवरचा आकडा उत्तम दिसतो आणि व्हिडिओत दिसतं की उतरताना गुडघा जेमतेम वाकतोय.

वेळेचंही महत्त्व आहे. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन एकेक महिना पुढे ढकललं, तर पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण दर महिन्यामागे जवळपास निम्म्याने कमी होत गेलं. व्यावसायिक क्लबांत मात्र सात-आठ महिन्यांत परतणं सर्रास चालतं, आणि तिथे वैद्यकीय शास्त्रापेक्षा सामन्यांचं वेळापत्रक जास्त बोलतं असं आमचं स्पष्ट मत आहे.

मैदानावर पाऊल ठेवलं म्हणजे संपलं असंही नाही. परतलेल्या खेळाडूला आधी शेवटची दहा-पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, मग एक सामना सोडून एक असं खेळवतात. जीपीएस बनियनमधून तो वेगाने किती मीटर धावला ते मोजतात आणि आठवड्यागणिक हा आकडा हळूहळू चढवतात. तरीही शरीर कुठेतरी कुरकुरतंच. रॉद्री मे महिन्यात परतला, जूनअखेरीस क्लब विश्वचषकात अल हिलालविरुद्ध त्याची जांघ दुखावली, ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध हॅमस्ट्रिंगमुळे त्याला पहिल्या अर्ध्या तासातच बाहेर यावं लागलं. गुडघा ठीक असतो, पण त्याच्या वरचे-खालचे स्नायू वर्षभर मागेच असतात. पुनरागमनाचं पहिलं वर्ष हे पुनर्वसनाचंच वर्ष धरायला हवं. ज्या क्लबला हे मान्य नसतं, तो खेळाडूला ‘पूर्वीसारखा राहिला नाही’ असं फार लवकर ठरवून टाकतो.

पगार कोण देतं आणि कुठवर

आता कागदपत्रं. फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार मुदत संपल्यावर किंवा दोघांच्या संमतीने संपतो. त्याआधी एकतर्फी तोडायचा तर सबळ कारण लागतं आणि दुखापत हे सबळ कारण धरलं जात नाही. म्हणून युरोपच्या मोठ्या लीगमध्ये गुडघा तुटला म्हणून दुसऱ्या दिवशी पगार थांबत नाही.

पण ‘थांबत नाही’ला मर्यादा असतात आणि त्या देशागणिक बदलतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या ठरावीक करारनाम्यात खेळताना किंवा सरावात झालेल्या दुखापतीसाठी पहिले १८ महिने पूर्ण मूळ पगार आणि त्यानंतर निम्मा अशी तरतूद असते. त्याच दुखापतीमुळे खेळाडू सलग २० महिन्यांच्या काळात एकूण १८ महिने खेळू शकला नाही, किंवा कायमचा अपात्र ठरला, तर क्लब करार संपवण्याची नोटीस देऊ शकतो. ही नोटीस १२ महिन्यांची असते. स्पेनमध्ये खेळाडूंच्या नोकरीबद्दलचा १९८५ चा हुकूमनामा आहे. त्यानुसार दुखापतीने कायमचं अपंगत्व आलं तर करार संपतो, पण कारण खेळच असेल तर किमान सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी लागते.

‘मूळ पगार’ या शब्दांकडे नीट बघायला हवं. सामन्यामागे मिळणारी रक्कम, गोलचा किंवा विजयाचा बोनस यात येत नाही. ज्याचं निम्मं उत्पन्न सामन्यामागच्या रकमेतून येतं, त्याचा पगार कागदावर चालू राहतो पण घरात येणारा पैसा निम्मा होतो.

खेळाडू देशासाठी खेळताना जखमी झाला तर क्लबचं काय? यासाठी फिफाची क्लब संरक्षण योजना आहे. दुखापत सलग २८ दिवसांहून जास्त चालली की पुढच्या दिवसांचा खेळाडूचा ठरलेला पगार फिफा क्लबला देतं, दिवसाला कमाल २०,५४८ युरो आणि जास्तीत जास्त ३६५ दिवस, म्हणजे एका दुखापतीमागे ७५ लाख युरोंपर्यंत. १९ नोव्हेंबर २०२३ ला बार्सिलोनाच्या गावीचा एसीएल स्पेनकडून जॉर्जियाविरुद्ध खेळताना तुटला, म्हणून ती दुखापत या योजनेत बसली. टेर स्टेगनची दुखापत क्लबच्याच सामन्यातली, त्यामुळे तिचा सगळा भार क्लबवर. हा पैसा क्लबला मिळतो, खेळाडूला नाही. खेळाडूचा पगार क्लबनेच द्यायचा असतो.

नोंदणीची जागा आणि एक सही

पगाराला कायद्याचं संरक्षण आहे, संघातल्या जागेला नाही. प्रीमियर लीगमध्ये २१ वर्षांवरच्या खेळाडूंची २५ जणांची यादी द्यावी लागते. यादीबाहेर राहिलेला खेळाडू पुढची खिडकी (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा आणि नोंदणीचा काळ) उघडेपर्यंत लीगचा सामना खेळू शकत नाही. त्यामुळे सप्टेंबरमध्ये जखमी असलेल्या आणि डिसेंबरमध्ये परतू शकणाऱ्या खेळाडूसाठी जागा अडवायची की नाही, हा प्रशिक्षकापुढचा खरा पेच असतो.

स्पेनमध्ये हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण ला लीगा प्रत्येक क्लबला पगाराची कमाल मर्यादा आखून देते. मर्यादेवर पोहोचलेल्या क्लबला नवा खेळाडू विकत घेता येतो, पण त्याची नोंदणी करता येत नाही. इथे दीर्घ दुखापतीची सवलत कामी येते. खेळाडू चार महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहणार असं लीगच्या वैद्यकीय समितीने मान्य केलं, तर त्याच्या पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंतची रक्कम नव्या खेळाडूच्या नोंदणीसाठी वापरता येते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बचावपटू आंद्रेआस क्रिस्टेन्सनच्या दुखापतीच्या आधारे बार्सिलोनाने दानी ओल्मोची तात्पुरती नोंदणी केली. सप्टेंबरमध्ये टेर स्टेगन पडला, तेव्हा त्याच्या पगारातून मोकळ्या झालेल्या हिश्शातून निवृत्ती घेतलेला पोलिश गोलरक्षक वोइचेख श्चेन्स्नी संघात आला.

इथेच टेर स्टेगनची आणि रॉद्रीची वाट वेगळी झाली. रॉद्री नसताना सिटीने ऑक्टोबरच्या अखेरीपासून सलग पाच सामने गमावले, जानेवारीच्या खिडकीत पोर्तोकडून निको गोन्झालेझ आणला, तरी लीगमध्ये तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं. त्याच्याविना संघ किती अपुरा आहे हे सगळ्यांनी बघितलं. बार्सिलोनाने त्या हंगामात टेर स्टेगन जवळपास पूर्ण बाहेर असताना ला लीगा, कोपा देल रे आणि सुपर कप असे तिन्ही देशांतर्गत किताब जिंकले. यात त्याचा दोष काडीचा नाही. पण संघ आपल्याशिवाय जिंकू शकतो हे एकदा सिद्ध झालं, की तिशी ओलांडलेल्या आणि त्याच गुडघ्यावर आधीही शस्त्रक्रिया झालेल्या गोलरक्षकाची बाजू दुबळी होते.

पुढचं प्रकरण तर एखाद्या कायद्याच्या वर्गात शिकवण्यासारखं आहे. २०२५ च्या जुलैमध्ये टेर स्टेगनच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. त्याआधी त्याने स्वतःच जाहीर केलं की साधारण तीन महिने लागतील. तीन महिने म्हणजे चारपेक्षा कमी, म्हणजे ला लीगाची सवलत नाही, म्हणजे जोआन गार्सियाची नोंदणी अडचणीत. क्लबच्या मते बरं व्हायला याहून जास्त वेळ लागणार होता. पण वैद्यकीय अहवाल लीगच्या समितीकडे पाठवायचा तर खेळाडूची लेखी संमती लागते, कारण आरोग्याची माहिती त्याची खासगी मालमत्ता असते. त्याने सही करायला नकार दिला. क्लबने शिस्तभंगाची कारवाई सुरू केली आणि ७ ऑगस्टला त्याचं कर्णधारपद काढून घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्याने सही केली आणि कर्णधारपद परत मिळालं. पुढच्या आठवड्यात मायोर्काविरुद्धच्या सलामीच्या सामन्यात गोलमध्ये गार्सिया उभा होता.

या वादात खेळाडूची बाजू हलकी मानू नये. आपली पाठ किती दिवसांत बरी होईल हा वैद्यकीय प्रश्न असतो, क्लबच्या ताळेबंदाचा नव्हे. ‘चार महिने’ असं कागदावर एकदा उमटलं की हंगामाचा अर्धा भाग आणि त्यामागून येणाऱ्या विश्वचषकाची शक्यताही हातातून सुटू लागते. क्लबचीही बाजू आहेच. तो पगार पूर्ण देत होता आणि गोलमध्ये कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं.

कराराची तारीख

सगळ्यात निर्दय गोष्ट म्हणजे कराराची शेवटची तारीख. झ्लाटान इब्राहिमोविचचा मँचेस्टर युनायटेडशी एका वर्षाचा करार होता. २० एप्रिल २०१७ ला अँडरलेख्टविरुद्ध त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, करार जूनअखेर संपत होता. क्लबने त्याला मोकळं केलं आणि ऑगस्टमध्ये पुन्हा वर्षभरासाठी करारबद्ध केलं. नोव्हेंबरमध्ये तो परतलाही, पण मोजकेच सामने खेळून मार्च २०१८ मध्ये अमेरिकेला लॉस एंजेलिस गॅलेक्सीकडे गेला.

सान्ती काझोर्लाची कथा याहून लांब आणि वेदनेची. आर्सेनलसाठी तो शेवटचा १९ ऑक्टोबर २०१६ ला लुदोगोरेत्सविरुद्ध खेळला. घोट्याच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, मांस सडलं, टाचेच्या वरच्या अकिलिस टेंडनचा सुमारे आठ सेंटिमीटर भाग गेला. मुलासोबत बागेत चालता आलं तरी समाधान मान, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्याने पुढे सांगितलं. स्पेनमधल्या व्हितोरियात टेंडनची पुन्हा बांधणी झाली आणि हातावरची त्वचा घोट्यावर बसवली. त्या त्वचेवर मुलीच्या नावाचा टॅटू होता, त्यातली काही अक्षरं आजही त्याच्या घोट्यावर आहेत. जानेवारी २०१७ मध्ये आर्सेनलने करारातला एक वर्षाच्या वाढीचा पर्याय वापरला. तो जखमी असताना क्लबने हे केलं याची नोंद घ्यायला हवी. पण २०१८ च्या उन्हाळ्यात मुदत संपली आणि नवा करार झाला नाही. व्हियारेआलने त्याला हंगामपूर्व सरावात आजमावून बघितलं, ऑगस्टमध्ये करार दिला, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याने रिआल माद्रिदविरुद्ध दोन गोल केले. त्याच वर्षी तो पुन्हा स्पेनकडून खेळला.

उलट उदाहरणंही आहेत. व्हर्जिल व्हॅन डाइकचा एसीएल १७ ऑक्टोबर २०२० ला एव्हर्टनविरुद्ध तुटला. तो परतला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये लिव्हरपूलने त्याला २०२५ पर्यंतचा नवा करार दिला. गावी ऑक्टोबर २०२४ मध्ये परतला आणि जानेवारीत त्याचा करार २०३० पर्यंत वाढला. गावी तेव्हा विशीत होता, व्हॅन डाइक लिव्हरपूलच्या बचावाचा कणा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये गावीच्या त्याच गुडघ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली, पण तोवर हातात पाच वर्षांचा कागद होता.

विकणं इतकं सोपं का नसतं

‘मग विकून टाका’ असं म्हणणारे हिशेबाची एक गोष्ट विसरतात. क्लब खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून खर्ची टाकतो. समजा ५ कोटी युरोंना पाच वर्षांसाठी खेळाडू घेतला, तर दरवर्षी १ कोटी खर्च पडतो. दोन वर्षांनी पुस्तकात त्याची किंमत ३ कोटी उरते. जखमेनंतर कुणी १ कोटी देऊ केले तर क्लबला २ कोटींचा तोटा त्याच वर्षी दाखवावा लागतो. म्हणून करार लांब असेल तर क्लब उसनं पाठवतो आणि पगाराचा काही भाग समोरच्या क्लबकडून घेतो. कराराचं शेवटचं वर्ष आलं की पुस्तकी किंमत शून्याकडे येते आणि विक्री सोपी होते.

घेणारा क्लब वैद्यकीय तपासणी करतो, आणि ती सहीआधी करावी लागते. ‘तपासणीत पास झालास तरच करार लागू’ अशी अट घालायला फिफाची मनाई आहे. २००० च्या एप्रिलमध्ये रूड व्हॅन निस्टेलरॉय मँचेस्टर युनायटेडला जाणार होता. तपासणीत गुडघ्याबद्दल शंका आली, व्यवहार थांबला आणि लगेचच त्याच्या तेव्हाच्या डच क्लबच्या, पीएसव्हीच्या, सरावात त्याचा एसीएल तुटला. युनायटेड वर्षभर थांबलं आणि २००१ मध्ये १.९ कोटी पौंडांना त्याला घेतलंच. इतका धीर क्लब क्वचित दाखवतात.

आपल्याकडे

भारतात याचं ठळक उदाहरण संदेश झिंगानचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतीय संघाच्या सराव सामन्यात त्याचा एसीएल तुटला, केरळ ब्लास्टर्सचा अख्खा हंगाम बुडाला. मे २०२० मध्ये क्लब आणि तो परस्परसंमतीने वेगळे झाले. क्लबने त्याचा २१ क्रमांकाचा शर्ट निवृत्त केला, पण जागा राहिली नाही. तो एटीके मोहन बागानमध्ये गेला आणि पुढे एफसी गोवामध्ये आला. जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात सीरियाविरुद्ध त्याचा गुडघा पुन्हा दुखावला. या वेळी तो गोव्याकडेच राहिला आणि पुढच्या हंगामात परतला.

वर सांगितलेलं पगाराचं संरक्षण मिळतं ते लेखी करार असलेल्या आणि खर्चापेक्षा जास्त मोबदला घेणाऱ्या खेळाडूलाच, कारण फिफाच्या लेखी व्यावसायिक तोच. कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून किंवा गोव्यात गावच्या क्लबकडून तोंडी शब्दावर खेळणाऱ्या मुलाचा गुडघा तुटला तर हे सगळे नियम त्याच्यापासून लांब राहतात. म्हणून करार लहान असला तरी लेखी हवा आणि भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीत चढवलेला हवा. त्यात शस्त्रक्रियेचा आणि नंतरच्या नऊ-दहा महिन्यांच्या फिजिओथेरपीचा खर्च कुणी करायचा हे स्पष्ट असावं. बहुतेक भांडणं शस्त्रक्रियेच्या बिलावरून नव्हे, फिजिओच्या बिलावरून होतात, कारण चौथ्या महिन्यात क्लबचा हंगाम संपलेला असतो आणि खेळाडूचं खरं काम तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याची मुभा, जखमी काळातला मासिक पगार आणि एक वर्षाच्या वाढीचा पर्याय नेमका कुणाच्या हातात, हेही लिहून घ्यावं. पर्याय फक्त क्लबच्या हातात असेल तर जखमी खेळाडूसाठी तो बहुधा वापरला जात नाही.

एमआरआयच्या प्रतिमांची सीडी आणि शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत खेळाडूने स्वतःकडे ठेवावी, नुसता एका पानाचा अहवाल नको. कुठला ग्राफ्ट घेतला आणि मेनिस्कस शिवला की कापला, हे पुढचा प्रत्येक डॉक्टर विचारणार. आणि हंगाम सुरू होण्याआधी, सगळं धडधाकट असताना, दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरच्या उडीची लांबी मोजून तारखेसह लिहून ठेवावी. त्यासाठी महागडं यंत्र लागतंच असं नाही. लेग एक्स्टेंशनच्या मशीनवर एका पायाने उचललेलं कमाल वजन आणि मोजपट्टीवरची उडी एवढ्यानेही निम्मं काम होतं.